भालेरावकाका आणि गेलेले आटे

भालेरावकाका कुठलाही स्क्रू आधी उलटा फिरवायचे. कसायचा असला तरी आधी उलटा. पेचकस अगदी हलक्या हाताने धरून डावीकडे अर्धा फेरा, फार तर एक फेरा, आणि मग कान देऊन थांबायचे. आत कुठेतरी टक् असा बारीक आवाज झाला की मान हलवून म्हणायचे, "हं, सापडले." म्हणजे जुने आटे सापडले. स्क्रूने प्लास्टिकमध्ये पहिल्यांदा जे आटे पाडलेले असतात, त्यातच तो पुन्हा उतरला पाहिजे. घाईने सरळ दाबला की तो आपले नवे आटे पाडत जातो, आणि दहा-पाच वेळा असं झालं की भोकात काही उरतच नाही, स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की आजही घरात काही उघडायची वेळ आली तर माझा हात आपोआप डावीकडे वळतो.

खांडव्याहून बदली होऊन मी उज्जैनला आले, मुलींच्या शाळेत गणित शिकवायला. एकटीच होते. टावर चौकातून आत वळणाऱ्या गल्लीत काकांचं तीन खोल्यांचं बैठं घर होतं. पुढची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. मधल्या खोलीत काकूंची खाट होती आणि मागच्या पडवीत काकांचं टेबल. काका कापडगिरणीत फिटर होते. आजोबांपासून उज्जैनचेच, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्यांनाही ठाऊक नसायचं. गिरणी बंद पडून तेव्हा वर्ष होत आलं होतं. उंच, किंचित वाकलेला माणूस. खाकी पँट, बाहीचा बनियान, कानावर पेन्सिलीचा तुकडा. बोलणं कमी, आणि बोलायचे तेही बहुतेक हातातल्या वस्तूकडे बघत.

त्या वर्षांत बाजार बदलत होता. टावर चौकातल्या दुकानांत कधी न पाहिलेल्या वस्तू यायला लागल्या होत्या, आणि त्यात रिमोटवर चालणाऱ्या मोटारी होत्या. पोरं त्या भिंतींवर आपटायची, पायरीवरून उडवायची, आणि मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस पेचकस घेऊन बसायचं आणि होतं नव्हतं ते घालवायचं. किशनचंद म्हणून एक सिंधी शेठ होते, त्यांचं खेळण्यांचं दुकान होतं. विकलेल्या गाड्या आठ दिवसांत परत यायच्या, कोणाचा पुढचा बंपर लोंबतोय, कोणाचं सेलचं झाकण राहत नाही. शेठनी कुठून तरी काकांचं नाव ऐकलं आणि एक पोतंभर गाड्या आणून पडवीत ओतल्या.

काकांनी आयुष्यभर गिरणीतले माग दुरुस्त केले होते. मागाचा एकेक नट तळहाताएवढा असायचा. पण त्यांनी त्या गाड्या हातात घेतल्या त्या अशा, की जणू हेच करायचं राहिलं होतं. त्यांच्या टेबलावर मोटर, वायर वगैरे फारसं नसायचं. ते सांगायचे, "मॅडम, यात मोटर दहात एखादीच बिघडते. बाकी सगळं भोकांचं दुखणं आहे."

भोकं भरायच्या त्यांच्या तऱ्हा होत्या. लहान भोक असलं तर संपलेल्या पेनाच्या रिफिलचा तुकडा कापून आत बसवायचा. कडा तुटली असली तर चिमूटभर खायचा सोडा टाकून त्यावर झटकन सुकणाऱ्या गोंदाचा एक थेंब. क्षणात दगडासारखं घट्ट. पण त्यांचं मन लागायचं ते दोन ट्यूबांच्या गोंदावर. दोन्ही ट्यूबा सारख्या पिळून काडीने घोटायच्या, तो गोंद भोकात भरायचा, स्क्रूला मेणबत्ती घासून तो आत सोडायचा आणि गाडी तशीच ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी स्क्रू अलगद उलटा फिरवून काढला की आत नवेकोरे आटे तयार. मेणामुळे स्क्रू चिकटत नाही. पूर्ण एक दिवस गाडीला कोणी हात लावायचा नाही, ही त्यांची अट. शेठ कुरकुर करायचे, गिऱ्हाईक दुकानात उभं आहे म्हणायचे. काका म्हणायचे, "भाईसाब, भर तो दिया. अब उसको अपना टाइम लेने दो."

एकदा कोणी इंजिनियर साहेब स्वतःच घरी आले होते, मुलाची परदेशातून आलेली मोठी गाडी घेऊन. आजच पाहिजे म्हणाले. यात जरा मोठा पेच टाका, झालं, असा सल्लाही त्यांनी दिला. काकांनी गाडी उलटीसुलटी पाहिली.

"साहब, मोटा पेच डालूँगा तो आज चल जाएगी. दो महीने बाद फिर ढीला होगा. तब उससे मोटा डालेंगे. फिर दीवार फट जाएगी."

"तब की तब देखेंगे."

काकांनी गाडी रुमालाने पुसली आणि परत त्यांच्या हातात दिली. साहेब गेल्यावर मी म्हटलं, एवढं काय काका, त्यांना हवं तसं करून द्यायचं. ते टेबलाकडे वळून आपल्याशीच म्हणाले, "गिरणीत असंच केलं होतं शेवटी शेवटी. ढिलं झालं का मोठा टाक. ढिलं झालं का मोठा टाक."

काकूंना मी कधी बोलताना ऐकलं नाही. मी राहायला आले त्याच्या दोन महिने आधी त्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. डोळे मात्र लख्ख. मधल्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसलेल्या असायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असं बघायच्या की आपण काही विसरलोय का असं वाटावं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळं काकाच करायचे. अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं. वेणी त्यांना आधी जमेना, मग सुताची दोरी वळावी तशी घट्ट वळायला लागले.

हाक मारायला म्हणून काकांनी त्यांना देवघरातली घंटा दिली होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी डाव्या हाताने भिरकावून दिली. काकांनी उचलून दिली, त्यांनी पुन्हा फेकली. घंटा वाजवून नवऱ्याला बोलवायचं, हे त्यांना सोसवत नसावं. मग त्या हाक मारायच्याच नाहीत. तहान लागली तरी तशाच पडून राहायच्या, आणि काका दर दहा मिनिटांनी काम टाकून आत डोकावून यायचे.

एका रविवारी काका दुरुस्त केलेली एक लाल गाडी पडवीतून चालवून बघत होते. ती मधल्या खोलीत शिरली, खाटेच्या पायाला धडकली आणि उताणी पडून चाकं फिरवत राहिली. मी तिथेच होते. काकूंच्या तोंडाची एक बाजू वर गेली आणि घशातून आवाज आला. मला वाटलं काही दुखलं. काका दारात उभे होते. ते म्हणाले, "हसली."

त्यांनी रिमोट काकूंच्या मांडीवर ठेवला. पण रिमोटला दोन खुंट्या असतात, एक पुढे-मागे करायची आणि एक डावी-उजवीकडे. दोन हात लागतात. काकू एकाच खुंटीवर गाडी पुढे पळवायच्या आणि ती भिंतीवर जाऊन आपटायची. आठ दिवस काका त्या रिमोटशी झटत होते. शेवटी त्यांनी तो उघडून दोन्ही खुंट्या एका जेवायच्या पाटावर शेजारी शेजारी बसवल्या, एक अंगठ्याला आणि एक करंगळीला येईल अशी. एरियलच्या जागी सायकलची तार लावली. लाल गाडी त्यांनी शेठकडून मागून घेतली. शेठ तसे भले होते, ले जाओ म्हणाले.

पुढे ती गाडी म्हणजे काकूंचा आवाज झाली. मी टेबलाशी वह्या तपासत बसलेली असायची आणि दारातून घरघर करत लाल गाडी यायची. पायापाशी थांबायची, थोडी मागे जायची, पुन्हा पुढे. मी उठले की वळून चालू लागायची आणि मी तिच्यामागून. आत काकू खिडकीकडे बघायच्या. ऊन येत असायचं, खिडकी लावून घ्यायची. किंवा काहीच नसायचं. माझ्या साडीकडे बघायच्या, बोटाने पदर चाचपून बघायच्या. काका बाजारातून पेरू आणायचे, तर गाडीवर रबराने बांधलेल्या वाटीत दोन फोडी माझ्याकडे यायच्या, तिखटमीठ लावलेल्या.

राग आला की मात्र त्या गाडी चौकटीवर आपटायच्या. अगदी ठरवून, मागे घेऊन घेऊन. काका स्वयंपाकघरातून म्हणायचे, "आलो, इंदू, आलो. बंपर राहू दे जरा." शेजारच्या आजी मला म्हणाल्या होत्या, की आजारपणाआधी या माणसाने बायकोला नावाने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. "ए" म्हणायचा नाहीतर काहीच म्हणायचा नाही.

बंपर धरणाऱ्या दोन भोकांचे आटे महिन्यातून एकदा तरी जायचे. काका ती भरायचे. भरलेलं जुनं टोकरून काढायचं, नवं भरायचं, एक दिवस थांबायचं. आणि गाडी टेबलावर सुकत असली की काका त्या दिवशी घराबाहेर पडायचे नाहीत. शेठचा निरोप येवो, देवास गेटच्या बसस्टँडवर कोणी ओळखीचं यायचं असो, ते जायचे नाहीत. "गाडी तयार नाही," एवढंच सांगायचे.

असं का, ते मला मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी कळलं. पडवीत पाणी मारलेला वाळ्याचा तट्ट्या लावला होता. काकू झोपल्या होत्या. काका गोंद घोटत होते आणि मी त्यांच्यासमोर डाळ निवडत बसले होते. न विचारताच ते बोलायला लागले.

"गिरणी बंद झाली तरी मी जात होतो, मॅडम. डबा घेऊन. आम्ही पंधरावीस जण गेटवर बसायचो. कोणी म्हणायचं उद्या उघडणार, कोणी म्हणायचं भोपाळहून साहेब येणार. काही होत नव्हतं. पण घरी बसून काय करणार."

गोंदातली काडी फिरत होती.

"त्या दिवशी सकाळी ही म्हणाली, आज नका जाऊ, डोकं फार दुखतंय. मी म्हटलं, तुझ्या डोक्यासाठी घरी बसू? बाकीचे काय म्हणतील? तिनं डबा भरला. मी गेलो." त्यांनी घोटलेला गोंद काडीने उचलला, भोकावर धरला आणि तसाच धरून ठेवला. "सहा वाजता आलो. चुलीपाशी पडली होती. भाजी जळून पातेलं काळं झालेलं. पाट्यावर डोकं. कधी पडली, माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. वाचा राहिली असती."

काडीवरचा गोंद ओघळून त्यांच्या बोटावर आला होता. तो त्यांनी पँटीला पुसला.

"तिला हाक मारायला कोणी नव्हतं," ते म्हणाले. "म्हणजे हाक मारली असेल तिनं. ऐकायला कोणी नव्हतं."



माझ्या तिसऱ्या वर्षी एक वाईट दिवस आला होता. दार उघडं होतं आणि काकूंनी गाडी बाहेर गल्लीत सोडली. खाटेवरून त्यांना ती दिसत नव्हती. बाहेरचं जग कसं असेल ते त्या नुसत्या खुंट्यांवरून बघत होत्या की काय कोण जाणे. गाडी लांब गेली आणि रिमोटच्या टप्प्याबाहेर पडली. काकू खुंट्या दाबत राहिल्या, गाडी परत येईना. मी शाळेतून आले तेव्हा त्या पाटावर मूठ आपटत होत्या, आणि काका अनवाणी गल्लीत प्रत्येक घराच्या ओट्याखाली वाकून बघत होते. दोन तासांनी ते आले. गाडी टेंपोखाली सापडली होती. तुकडे त्यांनी बनियानच्या ओच्यात गोळा करून आणले होते, एक स्क्रूसुद्धा न सोडता.

मी म्हटलं, शेठकडून दुसरी आणू. काकूंनी मान हलवली, नाही म्हणून. काकांनी टेबल उचलून काकूंच्या खाटेशेजारी आणलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पंधरा दिवस ती गाडी जोडली. अकरा भोकं नव्याने भरली. त्या पंधरा दिवसांत ते एकदाही घराबाहेर गेले नाहीत. भाजी मी आणत होते. काकू टक लावून बघायच्या, आणि काका स्क्रू लावायच्या आधी त्यांना दाखवायचे, हा इथला, बरोबर? त्या डोळे मिटून हो म्हणायच्या. त्यांच्या संसारातलं सगळ्यात जास्त बोलणं त्या पंधरा दिवसांत झालं असावं.

काकू गेल्या त्याच वर्षी, माघात. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला शाळेत होते. दुपारी परतले तर गल्लीत माणसं उभी. चक्रतीर्थाच्या स्मशानातून सगळे आल्यावर मी मागच्या पडवीत गेले. टेबलावर लाल गाडी उताणी ठेवलेली होती, बंपरच्या दोन भोकांत मेण लावलेले स्क्रू उभे. आदल्या संध्याकाळीच भरली होती.

ते स्क्रू काकांनी काढले नाहीत. गाडी तशीच राहिली. महिन्याभराने किशनचंद शेठ नवं पोतं घेऊन आले, काकांनी ते दारातूनच परत केलं. शेठ म्हणाले, मन लगा रहेगा. काका म्हणाले, "हाथ नहीं चलता, शेठ." शेठनीही फार आग्रह केला नाही. तोवर गाड्या इतक्या स्वस्त झाल्या होत्या की बिघडली की लोक दुसरी घेत.

काका पडवीत बसून असायचे. मी संध्याकाळी पोळ्या जास्त करून नेऊन द्यायची. ते ताट घ्यायचे, धुवून परत द्यायचे. कधी कधी बोलता बोलता थांबून दाराच्या उंबऱ्याकडे बघायचे.

जूनमध्ये माझी रतलामला बदली झाली. मी नको नको म्हणत असताना काका स्टेशनवर आले, माझी वळकटी खांद्यावर घेऊन. गाडीला अवकाश होता. आम्ही फलाटावर उभे होतो. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून."

"विचारा ना, काका."

"ती गेली त्या दिवशी मी घरीच होतो. गोंद सुकायचा होता. तयार असती गाडी तर मी शेठकडे गेलो असतो." ते थांबले. "दहाच्या सुमाराला तिनं हात उचलला. जाऊन बघतो तर चेहरा वेगळाच. मी शेजारच्यांना डॉक्टरकडे पिटाळलं. पाणी आणलं. ते घेईना. औषध आणलं. उशी उंच केली, परत खाली केली. पाय चोळले. आणि ती बोलली, मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साफ बोलली. 'बस' म्हणाली. दोनदा म्हणाली."

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"आता सांगा. बस म्हणजे पुरे. आता पुरे झालं, असं म्हणाली का ती? का 'बसा' म्हणत होती, आणि पुढचं निघालं नाही?" ते माझ्याकडे बघत होते, एरवी ते कोणाकडे बघून बोलत नसत. "चार महिने मी हाच विचार करतोय."

मी म्हटलं, "बसा म्हणाल्या, काका. दुसरं काय म्हणतील तुम्हाला."

त्यांनी मान हलवली. "मलाही तसंच वाटतं." ते रुळांकडे वळले. "पण मी बसलो नाही. मी औषधाचा चमचा धुवायला गेलो. आलो तोवर संपलं होतं."

मग गाडी आली. गर्दी झाली. काकांनी वळकटी डब्याच्या दारातून आत सरकवली, पाण्याची सुरई दिली, आणि रतलामला पाणी उकळून पीत जा म्हणाले. मी वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण मधे माणसं होती. गाडी हलली तेव्हा मी खिडकीच्या गजांतून मागे पाहिलं. सोडायला आलेली माणसं पुलाकडे निघाली होती. काका निघाले नाहीत. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकाशी ते क्षणभर उभे राहिले, बाकाला हात लावून पाहिला, आणि मग अगदी एका टोकाला बसले, शेजारी जागा ठेवून.